नाजूक प्रकृती

आई पडली असं नंतर सगळ्यांना सांगण्यात आलं, पण खरं म्हणजे ती पडली नव्हती, खाली बसली होती. अंघोळ आटोपून स्टुलावरून उठताना तिच्या पायांतलं बळ मध्येच संपलं आणि भिंतीला पाठ घासत ती हळूहळू, जवळजवळ अदबीनं, ओल्या फरशीवर उतरली. लागलं काही नाही. हाकही तिनं रोजच्याच आवाजात मारली, "कापूस, जरा इकडे ये गं." कापूस म्हणजे तिची मुलगी, पन्नाशी ओलांडलेली, कामावर जायला निघालेली, एका पायात चप्पल चढवलेली. ती आत गेली, आईच्या अंगावर टॉवेल टाकला आणि तिच्या काखांत हात घालून तिला वर ओढलं. आई उठली नाही. पुन्हा ओढलं. आईचं ओलं, जड, साबणाचा वास येणारं अंग तिच्या हातांतून निसटून पुन्हा फरशीवर गेलं, आणि पुढच्या खेपेला तिचाच पाय घसरून ती आईसमोर बसकण मारून बसली. गुडघ्यांना गुडघे लागले. लहान मुली काहीतरी खेळायला बसतात तशा दोघी थोडा वेळ बसून राहिल्या. मग आई म्हणाली, "राहू दे. खालच्यांना बोलाव."

खालचे म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त वायरमन. वयानं आईपेक्षा थोडेच लहान, किडकिडीत, दम्याचा पंप कायम खिशात. ते आले, बाह्या वर केल्या, आईच्या मागे उभे राहिले, तिच्या छातीखालून दोन्ही हातांचा वेढा घातला, "चला वहिनी," म्हणाले, आणि गुंडाळलेली गादी उभी करावी तशी त्यांनी आईला उभी केली. आईला लाज वाटली असावी, कारण ती हसली. त्यांच्या खांद्याआडून भिजलेल्या मुलीकडे पाहत म्हणाली, "हिच्यात कधी जोर नव्हताच हो. लहानपणापासून नाजूक प्रकृती." वायरमन म्हणाले, "असतं एकेकाचं." मग ते ग्लासभर पाणी पिऊन, जाता जाता बाथरूमचा दिवा हलवून बघून निघून गेले.

एवढंच झालं. आईला पलंगावर बसवून, कपडे बदलून ती नेहमीपेक्षा थोड्या उशिराच्या बसनं कामाला गेली. बसमध्ये तिला दांडा नीट धरवेना, आणि ते भीतीनं नव्हे, दमल्यानं. आईचं वाक्य नवीन नव्हतं. ते तिनं पाहुण्यांसमोर, शिक्षकांसमोर, दुकानदारासमोर, एकदा तर रिक्षावाल्यासमोरही ऐकलेलं होतं. पण आजवर ते वाक्य खांद्यावर टाकलेल्या शालीसारखं होतं. कुणी जड पिशवी पुढे केली की ती आपोआप मागे व्हायची, कुणी जिना चढायला सांगितला की लिफ्टची वाट बघायची, आणि त्यात कमीपणा कधी वाटला नव्हता; उलट आपल्याला कुणीतरी जपतंय याची एक ऊब होती. आज त्या शालीखाली काय आहे ते ओल्या फरशीवर उघडं पडलं होतं. उद्या खालचे घरी नसले तर? ते गेले तर? सत्तरीपुढच्या दमेकऱ्याच्या भरवशावर आपण आईला अंघोळ घालणार आहोत का? आणि पुढे, आईच्या जागी आपण बसलो असलो की कुणाला हाक मारायची?

ती दात घडवायची. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचे जबडे तयार होत आणि त्या जबड्यांत बसतील असे दात ती आधी मेणात कोरी, मग सिरॅमिकचे थर चढवून भट्टीत भाजत असे. दाढेवरचे उंचवटे, दोन दातांमधली फट, कडेचा किंचित पिवळेपणा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडही न पाहिलेल्या माणसांचे स्वभाव तिला त्यांच्या दातांवरून कळत. झोपेत दात खाणारे, एकाच बाजूनं चावणारे, घास न चावता गिळणारे. काम सगळं बसून, मान खाली घालून, बोटांच्या टोकांनी करायचं. नाजूक माणसासाठी देवानंच काढलेला धंदा, असं आई म्हणायची. त्या दिवशी एका दाढेचं मेण कोरताना पातं घसरलं आणि अख्खा कोपरा उडाला. तिनं तो पुन्हा लावला नाही. प्लास्टरच्या त्या जबड्याकडे पाहत ती बसून राहिली. कुणाचा तरी, तिच्याच वयाच्या बाईचा असावा. दातांचे माथे झिजून सपाट झाले होते. किती वर्षं दात आवळून काढली असतील या बाईनं, असं तिच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की आपलेही दात या क्षणी आवळलेलेच आहेत.

लॅबच्या गल्लीत टायरच्या दुकानावर एक जिम होती. येता-जाता तिची पाटी दिसायची, खिडकीतून लोखंड आपटल्याचे आवाज यायचे, आणि आजवर त्या आवाजाशी आपला संबंध नाही अशी तिची ठाम समजूत होती. संध्याकाळी ती तो जिना चढली. आत खालच्या टायरांचा आणि वरच्या मॅटांचा असा रबराचा एकच वास भरलेला. कोच म्हणून जी समोर आली ती पस्तिशीची, आखूड केसांची, एका गुडघ्यावर ऑपरेशनचा लांब व्रण असलेली बाई होती. तिनं विचारलं, काय हवंय? बाकीचे येतात त्यांना पोट कमी करायचं असतं, साखर आटोक्यात आणायची असते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. कापूस म्हणाली, "मला एका माणसाला जमिनीवरून उचलायचंय."

कोच हसली नाही. "किती वजनाचा माणूस?" तिनं विचारलं.

कोचनं आधी डॉक्टरांचा होकार आणायला सांगितला. या वयात नव्यानं सुरू करणाऱ्या सगळ्यांनाच ती सांगायची. लॅबमधून सुटून एका दुपारी ती तपासून घ्यायला गेली. डॉक्टर तरुण होता, भराभर बोलणारा. छातीला नळी लावली, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, छातीचा एक्स-रे फोटो काढायला पाठवलं. त्यानं विचारलं, कसला त्रास होतो? ती म्हणाली, प्रकृती नाजूक आहे. "म्हणजे नेमकं काय होतं?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला एकही गोष्ट आठवेना. सर्दी इतरांइतकीच व्हायची. ताप कधी आला होता? चक्कर? धाप? जिना चढून धाप लागते म्हणावं तर जिना चढलाच कुठे होता. मग तिनं लहानपणीच्या आजाराचं सांगितलं. शाळेत जायला लागल्यावर छातीत पाणी झालं होतं, कितीतरी दिवस अंथरुणावर, इंजेक्शनं, खिडकीतून दिसणारा पाण्याच्या टाकीचा मनोरा, आणि आईच्या हाताचा हॉस्पिटलच्या साबणाचा वास. डॉक्टरनं फोटो प्रकाशासमोर धरला. म्हणाला, "ते केव्हाच बरं झालंय. डागसुद्धा राहिलेला नाही. तुम्हाला व्यायाम करायला हरकत काहीच नाही. न करायला मात्र आहे." मग हाडं, स्नायू, पन्नाशीनंतर ते कसे झपाट्यानं ओसरतात वगैरे तो सांगत होता. तिचं लक्ष त्या फोटोकडे होतं. तिच्या छातीचा पिंजरा, स्वच्छ, अगदी कुणाही माणसासारखा.

आजारातून उठल्यावर तेव्हाच्या डॉक्टरांनी वर्षभर जपायला सांगितलं होतं. ते वर्ष आईनं संपवलंच नाही. खेळाच्या तासाला चिठ्ठी, सहलीला नकार, पोहायला जायचं नाव काढलं की आईचा चेहरा. आई स्वतः हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. ओल्या चादरींचे पिळे खांद्यावर टाकून जिने चढायची, घरी गॅसचं सिलिंडर कुणाची मदत न घेता आत आणायची. दादा, थोरला भाऊ, आईवर गेला होता. तो दारातून आत आला की जमीन हादरायची. जेवायला बसल्यावर त्याच्या पानात भसाभस पडायचं आणि हिच्या पानात मऊ, पातळ, पचायला हलकं. दादा तिला दोन बोटांनी उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, कापूस आहे नुसता. नाव तिथूनच पडलं. दादा जहाजावर नोकरीला लागला, मग परदेशातच राहिला, वडील गेले, आणि घरात राहिल्या त्या एक धडधाकट बाई आणि एक नाजूक मुलगी. मध्ये एकदा, तिशीच्या आत असताना, एका मोठ्या लॅबनं तिला दुसऱ्या गावी बोलावलं होतं. तिथला एक कारागीर तिच्याशी नीट बोलायचाही. आई एवढंच म्हणाली होती, "तिकडे तुला कोण बघणार?" तिलाही ते पटलं होतं. ही गोष्ट तिला सगळ्यांत जास्त बोचली. आईनं दार लावलं नव्हतं. ते तिनं आपल्या हातानं, आपल्या मनानं लावून घेतलं होतं, थंडी वाजेल म्हणून.

तिनं घरी काही सांगितलं नाही. लॅबमध्ये काम वाढलंय म्हणाली आणि संध्याकाळी जिमला जाऊ लागली. पहिले काही आठवडे कोचनं तिला लोखंडाला हातच लावू दिला नाही. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. भिंतीला हात लावून जोर काढायचे. मॅटवर आडवं पडून एक पाय पट्ट्यानं वर ओढून धरायचा. तिची कंबर, मांड्यांच्या मागच्या शिरा, खांदे, सगळं भट्टीतून काढून गार झालेल्या वस्तूसारखं ताठ होतं. कोचचं म्हणणं असं की ओढून काही सैल होत नाही. जिथं अडतं तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, आणि वाट पाहायची. ती वाट पाहायची. जिथं अडायचं तिथं अंगाच्या आत काहीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटायचं, आणि श्वास सोडता सोडता ते बोटभर मागं सरकायचं. एकदा तसं सरकलं तेव्हा तिला कारण नसताना रडू आलं. शेजारी एक टक्कल पडलेला बँकेतला माणूस पाठ ताणत होता, त्यानं सभ्यपणे छताकडे पाहिलं.

मग डंबेल आली, मग बार. बारला वजनाच्या चकत्या लावायच्या, पाय रोवायचे, कंबर मागे ढकलायची, पाठ सरळ, आणि जमीन पायांनी खाली ढकलत उभं राहायचं. हातांनी उचलायचं नसतं हे तिला इथं कळलं. आईला ती हातांनी ओढत होती. "दात आवळू नका," कोच दर वेळी म्हणायची. ती ओठ सैल सोडायची, बार गुडघ्यांवरून वर यायचा, आणि क्षणभर सगळं जड जग तिच्या मुठीत लटकत असायचं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसताना मांड्या ठणकायच्या. हा ठणका आजाराचा नव्हता. त्याला ती हळूहळू ओळखू लागली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची, पूर्वीसारखी आढ्याकडे पाहत ताटकळावं लागायचं नाही. भूक लागायची. कोचनं सांगितल्याप्रमाणे तिनं सकाळी अंडी खायला सुरुवात केली, डब्यात डाळी, कडधान्यं वाढवली, पाण्याची बाटली भट्टीशेजारी ठेवली, बसमधून एक थांबा आधी उतरू लागली. अंडी पाहून आई म्हणाली, "पचतील का तुला?" ती म्हणाली, "पचतात." त्या दिवसापासून आई मुलीकडे जरा निरखून पाहू लागली. धुणं वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, दंडाकडे, मानेकडे. घरात कुणीतरी तिसरं माणूस राहायला आल्यासारखं.

राग मात्र कमी होत नव्हता. तो जिममध्ये उपयोगी पडायचा. बारपुढे उभं राहिलं की तो फोटो डोळ्यांसमोर यायचा आणि हातांत बळ यायचं. एका संध्याकाळी कोच दुसऱ्यांकडे पाहत असताना तिनं अंग सैल करायचे प्रकार टाळले, चकत्या एकदम चढवल्या, आईच्या वजनाइतक्या होतील अशा, आणि श्वास कोंडून, दात आवळून बार ओढला. तो वर आला. आलाच. आणि मग कमरेत काहीतरी चमकलं, बार धाडकन खाली पडला, खालच्या टायरवाल्यानं छताला काठी ठोकली. कोच धावत आली. रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. लचक होती, साधीच, थोड्या दिवसांत जाईल, पण शिरस्ता मोडून वजन उचललं तर जोर काय कामाचा, असं काहीसं ती म्हणाली. रिक्षात आडवं होता येईना, बसता येईना. घरी जिना चढून आल्यावर दार उघडणाऱ्या आईला तिच्या तोंडावरून सगळं समजलं.

आईनं तिला भिंतीला धरून पलंगापर्यंत आणलं. गरम पाण्याची पिशवी भरली, उशी गुडघ्यांखाली सरकवली. हे सगळं ती किती सराईतपणे करत होती. खोलीत वेदनाशामक मलमाचा वास, पडदे ओढलेले, कपाळावर आईचा हात. पन्नास वर्षं मागे जायला काही लागलं नाही. कापसाला वाटलं, इथंच राहावं. बाहेर टायरचं दुकान नाही, बार नाही, प्रकाशासमोर धरलेला फोटो नाही. आई मऊ, पातळ काहीतरी करून आणेल. आणि आई म्हणाली, "कुठं गेली होतीस ते मला माहीत आहे. खालच्यांनी बघितलं तुला त्या जिमच्या जिन्यावर. म्हटलं, विचारू नये. पण तुझी प्रकृती..."

"मला काही झालेलं नाही," कापूस म्हणाली. "डॉक्टरनं फोटो काढला. मी कधीचीच बरी झाले होते."

"माहीत आहे," आई म्हणाली.

पिशवीतल्या पाण्याचा आवाज झाला. आई पलंगाच्या कडेवर बसली होती, तिचे मोठे, गाठी आलेले हात मांडीवर उताणे पडले होते. तिनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"तू धडधाकट असतीस तर गेली असतीस. दादा गेला तशी."

कापसानं मान भिंतीकडे वळवली. मग आई म्हणाली, "आणि भीतीही वाटायची मला. खरंच वाटायची. रात्री उठून तुझा श्वास बघायचे. दोन्ही खरं होतं." ती उठली, उठताना तिनं पलंगाचा कठडा धरला, जरा झोके घेतले आणि मगच सरळ झाली. दारापाशी थांबून म्हणाली, "अंडी उकडू का?"

यावर भांडण व्हायला हवं होतं. पडल्या पडल्या तिनं ते भांडण मनात किती तऱ्हांनी करून पाहिलं. पण दर वेळी समोर रात्री उठून श्वास बघणारी बाई यायची, ओल्या चादरींनी खांदे दुखलेली, नवऱ्याच्या माघारी एकटी, आणि त्या बाईचं वय आत्ताच्या आपल्यापेक्षा कमी आहे हे लक्षात यायचं. राग गेला असं नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या ठणक्यासारखा झाला. कुठं आहे, कशानं आहे ते माहीत असलेला. लचक बरी झाल्यावर ती पुन्हा जिमला गेली तेव्हा कोचनं तिला पुन्हा हलक्या वजनावर आणलं. ती मुकाट्यानं आधी अंग सैल करायची, कमरेचे, मांड्यांचे ताण, मग वजन, मग पुन्हा ताण. जोर वाढत होता तसा सावकाश वाढत राहिला. आठवड्यातले सुटीचे दिवस कोच तिला येऊ द्यायची नाही. स्नायू विश्रांतीत वाढतात म्हणायची.

लॅबच्या मालकांनी समुद्राकाठच्या एका शहरात दुसरी लॅब काढायचं ठरवलं. नव्या पोरींना शिकवायला वर्षभर कुणी जुनं माणूस हवं होतं. त्यांनी तिला विचारलं ते रिवाज म्हणून. उत्तर त्यांना ठाऊक होतं. तिनंही तोंड उघडलं ते नेहमीचंच सांगायला, घरी आई आहे, आणि माझी प्रकृती. "प्रकृती" या शब्दापाशी ती अडली. जिथं अडतं तिथं थांबायचं, असं काहीतरी तिच्या अंगानंच केलं. मालक चष्म्यावरून पाहत होते. ती म्हणाली, "विचार करून सांगते." घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं, जाणार म्हणून नव्हे, नुसतंच, भाजी निवडता निवडता. आईनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. "समुद्राची हवा दमट असते," एवढंच म्हणाली.

मग काही दिवस गेले आणि एका सुटीच्या सकाळी आईनं विचारलं, "तुझ्या त्या जिममध्ये जमिनीवरून उठायला शिकवतात का गं?"

"शिकवतात."

"मला दाखव."

बैठकीतल्या खुर्च्या बाजूला सरकवून तिनं सतरंजी अंथरली आणि आईला आधार देत खाली बसवलं. कोचला विचारून ती कृती शिकून आली होती. आधी कुशीवर वळायचं. मग कोपर टेकायचं, मग तळहात. मग दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात, रांगणाऱ्या मुलासारखं. रांगत खुर्चीपाशी जायचं, खुर्ची धरायची, एक पाऊल पुढे रोवायचं, आणि पायानं जमीन खाली ढकलायची. आई कुशीवर वळली आणि तिथंच थांबली. तिचा पांढरा अंबाडा सुटला होता. म्हणाली, हे एवढं मोठं अंग मी कुणासाठी वाढवून ठेवलं होतं कोण जाणे. कोपरावर येताना तिचा हात लटपटला. कापसाचे हात आपोआप पुढे झाले. आता तिला आईला उचलता आलं असतं. हे तिला माहीत होतं, पावलांपासून खांद्यांपर्यंत माहीत होतं. एवढं वजन ती चुटकीसरशी उभं करत होती. महिनोन्‌महिने तिनं ज्यासाठी घाम गाळला तो क्षण समोर सतरंजीवर आडवा पडला होता.

"हात काढ," आई म्हणाली. "मी काय पोतं आहे? तू नुसतं सांग."

तिनं हात काढले आणि ते कुठं ठेवावेत ते न कळून स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. तिनं सांगितलं, श्वास सोड. आता तळहात. दात आवळू नकोस. आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, कुणाच्या दातांबद्दल कोण बोलतंय अशा नजरेनं, आणि ओठ सैल सोडले. त्या सकाळी ती गुडघ्यांवर आली आणि तिथून पुढे जाईना. शेवटी तिला खुर्चीवर बसवायला मुलीला हात द्यावाच लागला. आई घामाघूम झाली होती आणि तिच्या चेहऱ्यावर धुलाईखात्यातून परतल्यावर असायचा तसा एक तुकतुकीतपणा होता. दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्या ठणकू लागल्या तेव्हा कापसानं तिला सांगितलं की हा ठणका चांगला. आई म्हणाली, ठणका काय चांगला असतो, डोंबल्याचा.

पण तिनं सोडलं नाही. पलंगाच्या कडेवरून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन कोपरं वाकवणं. तीही आता सकाळी अंडं खायची आणि कुरकुरायची. हॉस्पिटलात असताना ज्या तालात चादरी झटकायची त्याच तालात ती व्यायाम करायची, तोंडानं काही पुटपुटत. कशासाठी हे सगळं, हा प्रश्न घरात कुणी काढला नाही. समुद्राचं नाव पुन्हा निघालं नाही. आणि एके दिवशी, मुलगी चहाचे कप घेऊन बैठकीत आली तेव्हा, आई सतरंजीवरून एका गुडघ्यावर आली होती, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, पुढचं पाऊल रोवलेलं. कप तसेच हातांत धरून मुलगी दारात उभी राहिली. आईचं सगळं अंग थरथरत होतं. मग ते मोठं अंग एखादं जुनं दार वर उचलून उघडावं तसं, कुरकुरत, एकेका सांध्यानं, वर येऊ लागलं आणि उभं राहिलं. आईनं खुर्ची सोडली. दम खात, पदरानं गळा पुसत ती म्हणाली, "जाताना तुझी उशी घेऊन जा. परक्या उशीवर तुझी मान धरते."

मालकांना तिनं होकार सांगितला. घरात सकाळ-संध्याकाळ येणारी एक मदतनीस बाई लावली, बाथरूममध्ये धरायला कठडे बसवून घेतले. ते खालच्या वायरमननी स्वतः उभं राहून बसवले आणि दोनदा लोंबकळून पाहिले. दादाला फोनवर कळवलं तेव्हा तो म्हणाला, तू? एकटी? तिथं? ती म्हणाली, हो. कोचनं नव्या शहरात कुठं जायचं ते सुचवलं आणि ताणाचे प्रकार सोडू नका म्हणून बजावलं. निघायच्या दिवशी आई जिन्यापर्यंत आली, खाली आली नाही. तिनं मुलीच्या दंडाला हात लावला, पीठ भिजलं का पाहावं तसा दाबून पाहिला आणि सोडला.

नव्या गावातली खोली लहान होती. एक खिडकी, एक पलंग, भिंतीशी मॅट पसरण्यापुरती जागा. पहिले दिवस सामान लावण्यात, भट्ट्या बसवून घेण्यात, पोरींना मेण धरायला शिकवण्यात गेले. घरी ती रोज संध्याकाळी फोन करायची; आई दोनदा घंटा वाजताच उचलायची, काय खाल्लंस ते विचारायची आणि ठेवून द्यायची. एका संध्याकाळी आईनं फोन उचलला नाही. घंटा वाजून वाजून बंद पडली. तिनं पुन्हा लावला. खिडकीखाली कुणी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. मदतनीस बाई या वेळेला गेलेली असते. खालचे आपल्या मुलीकडे राहायला गेले होते, आईनंच काल सांगितलं होतं. फोन वाजत होता त्या खोलीतलं सगळं तिला दिसत होतं, टेबल, पडदा, सतरंजी, आणि आई कुठं आहे ते तेवढं दिसत नव्हतं. पुन्हा बंद पडला. आपण इथून काहीही उचलू शकत नाही, हे तिच्या दंडांना, पाठीला, मांड्यांना एकदमच कळलं. दात आवळले गेले. तिनं ते सोडले. पुन्हा लावला. वाजू दिला.

"हां," आईचा आवाज आला. धाप लागलेला.

"कुठं होतीस?"

"जमिनीवर."

"पडलीस?"

"पडले नाही गं. बसले होते."

"जमिनीवर कशाला बसली होतीस?"

"उठायला," आई म्हणाली. "जेवलीस का?"